माझी रोजकीर्द

अण्णा रात्री साडेआठला घरी यायचे, ते दिवसाचा मेळ बसल्यावर. बसला नाही तर दहा वाजायचे. एकदा अकरा रुपयांसाठी मध्यरात्र झाली होती आणि आई दोनदा जेवण गरम करून दारात उभी होती. बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात ते चौतीस वर्षं दिवाणजी होते. वैरागकडून, भूम-परांड्याकडून शेतकरी ज्वारी, तूर, उडीद घेऊन यायचे. सौदा, हमाली, तोलाई, आडत, कुणाची पट्टी, कुणाला दिलेली उचल, असं दिवसभरात जे घडलं ते घडलं त्याच क्रमानं एका वहीत उतरायचं. ती रोजकीर्द. मग तिच्यातली प्रत्येक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर दुसऱ्या वहीत मांडायची. ती खतावणी.

शाळेला सुट्टी असली की मी गादीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. लाल कापडाच्या बांधणीची, वरच्या बाजूला उघडणारी ती लांब वही मला अजून दिसते. आत छापील रेघा नव्हत्या. कागद दुमडून सळ पाडलेले असत आणि त्या सळांवर जमा-नाव्याचे रकाने उभे राहत. मी एकदा विचारलं होतं, सगळं एकाच वहीत का लिहीत नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "रोजकीर्द लिहिताना विचार करायचा नसतो, पोरी. खतावणी करताना करायचा असतो. दोन्ही एकदम करायला गेलं की चूक होते."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि माझं लिहिणं बंद पडायच्या बेतात आलं होतं.

२००८ पासून मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते. बाविसेक मिनिटांचा एपिसोड, त्यात दहा-बारा सीन, आठवड्याला सहा एपिसोड. वर्षाला तीनशेच्या आसपास भरतात. कथाविस्तार लिहिणारे वेगळे, पटकथा लिहिणारे वेगळे. त्यांच्याकडून सीनचा आराखडा आला की त्यातल्या माणसांना बोलतं करायचं हे माझं काम. हाताशी एपिसोडची बँक असली तर निभतं. पण सण आले, एखाद्या कलाकाराच्या तारखा गेल्या, चॅनलनं ट्रॅक बदलला की ती बँक आठवड्यात रिकामी होते. मग आज रात्री शूट व्हायचा सीन आज दुपारी लिहायचा. सेटवरून सहायक दिग्दर्शकाचा फोन येतो, "ताई, सीन सात पाठवताय ना? आर्टिस्ट मेकअप करून बसलेत."

या कामाला कमी लेखणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. माझ्या आईनं आयुष्यात दोन-तीनच नाटकं पाहिली, तीही जत्रेतली. रोज संध्याकाळी साडेसातला तिच्या घरी जी माणसं यायची ती मालिकेतली. त्यांच्या तोंडी काय घालायचं हे ठरवणारीनं ते मनापासून ठरवलं पाहिजे, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं आहे.

२०१३ च्या पावसाळ्यात मी सेटवर गेले होते, घोडबंदर रोडच्या बाजूला. सासूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री कागद हातात घेऊन माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हे वाक्य मी मागच्या मालिकेतही म्हटलंय. तेही तुम्हीच लिहिलं होतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. वाक्य होतं, "घर विटांचं नसतं गं, माणसांचं असतं." घरी येऊन लॅपटॉपवर शोधलं. दोन मालिकांत मिळून ते चार वेळा सापडलं, थोडेफार शब्द बदलून. एकदा सासूच्या तोंडी, एकदा वहिनीच्या, एकदा वकिलाच्या आणि एकदा शाळेतल्या बाईंच्या.

त्या रात्री मी झोपले नाही. चार वेगळ्या वयांची, वेगळ्या गावांची, वेगळ्या पोटापाण्याची माणसं एकच वाक्य बोलत होती, कारण ती माझ्याच आधीच्या वाक्यांतून जन्मली होती. झरा आटला होता आणि मी रोज पोहरा सोडत होते. डोंबिवलीहून दादरला जाताना मी कानात इयरफोन घालून आराखडे वाचायची. गाडीत दोन-अडीचशे बायका बोलत असायच्या आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फडके रोडवरच्या दुकानातून दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीचं रजिस्टर आणलं.

सुरुवात चुकीची झाली. एका मैत्रिणीनं ज्युलिया कॅमेरॉनचं 'द आर्टिस्ट्स वे' दिलं होतं. १९९२ चं ते पुस्तक सांगतं की सकाळी उठल्याबरोबर, दुसरं काहीही करण्याआधी, तीन पानं हातानं लिहावीत. मनात येईल ते लिहावं, थांबू नये, मागे वळून वाचू नये. अनेक कलावंतांना या पानांनी हात दिला आहे, आणि त्यावर मी शंका घेणार नाही. पण माझी सकाळ माझी नव्हती. सातच्या शिफ्टचा फोन साडेसहाला यायचा. तीन पानांत माझी चिडचिड, थकवा, कुणी काय बोललं त्याचा हिशेब, एवढंच उतरायचं. वीस दिवसांनी पानं चाळली तर त्यात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. माझी अडचण तर हीच होती की माझ्या लिहिण्यात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा अण्णांच्या दोन वह्या आठवल्या. मी वेळ बदलली आणि नेम बदलला. लिहायचं रात्री, जेवणानंतर. दिवसात जे पाहिलं आणि ऐकलं ते त्याच क्रमानं. हे कुठे वापरता येईल, चांगलं वाक्य आहे का, कुणाच्या तोंडी शोभेल, यांतलं काही मनात आणायचं नाही. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. खतावणी आठवड्यातून एकदा, गुरुवारी. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात आणि दुपारपर्यंत सगळं चॅनल त्यांत बुडालेलं असतं. लेखिकेला कुणी फोन करत नाही. ते दोन-तीन तास माझे. त्या वेळात आठवड्याची उजवी पानं वाचायची आणि डाव्या पानावर दुसऱ्या रंगानं लिहायचं, की ही बाई कोण असेल, हे असं का बोलली असेल, याच्या आधी घरात काय झालं असेल. वहीच्या शेवटच्या सहा पानांवर अनुक्रमणिका. तीत विषय नाहीत, शब्द आहेत. दूध. जिना. परत येते. शिल्लक.

पहिल्या महिन्यातल्या दोन नोंदी सांगते. मुलुंडनंतर दाराशी उभी असलेली एक मुलगी फोनवर म्हणाली, "मी रागावले नाहीये. मी फक्त जेवत नाहीये." आणि आमच्याच इमारतीतल्या एक काकू दूधवाल्याचा हिशेब करताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे गेले आणि पिशवी अर्ध्या लिटरची झाली."

मी पाच वर्षं विधवांचे सीन लिहीत होते. पांढरी साडी, फोटोचा हार, रिकामी आरामखुर्ची, सगळं लिहून झालं होतं. अर्ध्या लिटरची पिशवी मला कधी सुचली नसती. ती सुचण्याची गोष्टच नव्हे, ती फक्त ऐकू येते.

मध्यंतरी मी फोनवर रेकॉर्ड करूनही पाहिलं. स्वतःचाच आवाज, गाडीतून उतरल्यावर. सात-आठ तास साठले आणि मी त्यातलं मिनिटभरही परत ऐकलं नाही. हातानं लिहिताना दोन-तीन तास गेलेले असतात, सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं तेही बोलण्याच्या वेगानं उतरत नाही. हात मागे राहतो. त्या मागे राहण्यातच निवड होते. पाम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१४ साली विद्यार्थ्यांच्या टिपणांवर काम केलं होतं. लॅपटॉपवर टिपणारे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे जास्त उतरवत होते आणि हातानं टिपणाऱ्यांना संकल्पनांच्या प्रश्नांची उत्तरं बरी देता आली. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी तोच निकाल आला नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. माझा पुरावा माझ्या एकतीस वह्यांत आहे.

हाताच्या लिहिण्यात मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती आपल्या लिपीतली आहे. मी शब्दाची अक्षरं आधी काढते आणि शिरोरेषा शेवटी देते. म्हणजे प्रत्येक शब्दाशी मी दोनदा येते. 'पिशवी' लिहिलं, आणि मग तिच्यावरून डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. त्या क्षणभरात शब्द पुन्हा ऐकू येतो आणि खोटा असेल तर रेघ ओढवत नाही. अण्णांना हाताशी धरून शिकवणारे म्हातारे दिवाणजी मोडीत लिहायचे. मोडीत रेघ आधी येते, पानभर आडवी, आणि अक्षरं तिला टांगत जायची. हात न उचलता लिहायची ती लिपी हिशेबाला आणि दफ्तराला सोयीची होती, वेग तिचा गुण. अण्णा बाळबोध लिहायचे, पण सवयीनं आधी ओळभर रेघ मारायचे. त्यांची अक्षरं त्या रेघेला दोरीवरच्या धुण्यासारखी लटकलेली असत. मला ते जमलं नाही. मला शेवटची रेघ लागते.

फोनवर लिहायला लागल्यावर तर हा फरक मला टोचायलाच लागला. कीबोर्ड पुढचा शब्द आधीच पुढे करतो. 'काळजी' लिहिलं की 'घे' तयार असतं, 'मला माफ' म्हटलं की 'कर' येतं. बोट तिथे पडतं आणि पात्र तेच बोलतं जे सगळे बोलतात. घाईच्या दिवशी मीही ते घेते, कारण मेकअप करून बसलेल्या माणसाला थांबवता येत नाही. पण ज्या माणसाला खरं बोलायचं आहे त्याची पहिली दोन वाक्यं मी आजही कागदावर लिहिते. उरलेला सीन टाइप होतो. एकदा तो माणूस कसा बोलतो हे सापडलं की कीबोर्ड त्याला बिघडवू शकत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला. मी अशा वेळी सत्यजित राय यांच्या वह्यांचा विचार करते. ते चित्रपटांचं काम 'खेरोर खाता'त करत. खेरोर खाता म्हणजे बंगालमधल्या दुकानदारांची लाल कापडाच्या बांधणीची हिशेबाची वही. त्यांत पटकथा, संवाद, पात्रांचे कपडे, फ्रेमची रेखाचित्रं असं सगळं एकत्र आहे. त्या वह्यांची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला अण्णांची गादी आठवली. तोच लाल रंग. जगानं डोक्यावर घेतलेल्या चित्रपटांचं कच्चं काम हिशेबाच्या वहीत झालं होतं, आणि माझ्या घरात तसलीच वही असताना मी महागडी सॉफ्टवेअर शोधत होते.

दुसरे आमच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली. वन खात्याच्या नोकरीत ते जंगलात हिंडले आणि पाहिलेलं-ऐकलेलं टिपत राहिले. पक्ष्यांना, झाडांना आदिवासी आणि पारधी काय म्हणतात ते शब्दही त्यांनी जपले, आणि पुढे त्यांच्या हातून पक्षिकोश झाला. टिपण लिहिलं त्या रात्री कोश होईल हे कुठे ठाऊक असतं? २०२५ च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. बातमी आली त्या दिवशी मी गुरुवार नसताना वही उघडली आणि पहिल्या चार वह्या वाचून काढल्या. कामाचे दोन फोन घेतले नाहीत.

अर्ध्या लिटरची पिशवी चार वर्षं वहीत पडून होती. २०१७ मध्ये एका मालिकेत आजोबांच्या मृत्यूचा ट्रॅक आला. तेराव्यानंतरच्या सकाळचा सीन होता. आराखड्यात आजी रडते आणि सून समजावते, एवढंच लिहिलं होतं. मी अनुक्रमणिकेत 'दूध' काढलं. सीनमध्ये आजी दाराशी येते, दूधवाला नेहमीच्या दोन पिशव्या पुढे करतो, ती एक घेते, दुसरी त्याच्या हातात परत ठेवते आणि दार लावते. संवाद एकही नाही. संवादलेखिकेनं संवाद नसलेला सीन पाठवला म्हणून चॅनलकडून विचारणा झाली. दिग्दर्शक माझ्या बाजूनं उभे राहिले आणि सीन तसाच गेला. आकड्यांत काही फरक पडला नाही. पण आईचा फोन आला. तिला मी कोणता सीन लिहिला हे कधी सांगत नसे. ती म्हणाली, "आज त्या आजीनं पिशवी परत केली बघ," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, अण्णा गेले. मी बार्शीला दहा दिवस होते. लॅपटॉप सोबत होता, कारण बँक संपलेली होती. योगायोग म्हणावा तर फार क्रूर होता. त्याच आठवड्यात मालिकेत वडिलांच्या दहाव्याचा सीन होता आणि तो मलाच लिहायचा होता. मी तो लिहिला. घाटावर आदल्या दिवशी जे पाहिलं होतं त्यातलं काहीही त्यात घातलं नाही. जुन्या, झिजलेल्या वाक्यांनी सीन भागवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या वाक्यांचे आभार मानावेसे वाटले.

खरं ते रात्री वहीत लिहीत होते. अंगणात, साठच्या बल्बखाली. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा एक प्रयोग मी वाचला होता. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या खेपा कमी झाल्या. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना अधिकच उदास वाटलं होतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. हा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत. मला तो माहीत होता म्हणून बरं झालं. चौथ्या रात्री मी वही मिटली तेव्हा पहिल्या रात्रीपेक्षा जास्त रडत होते, आणि आपलं काहीतरी चुकतंय असं वाटलं नाही.

ती पानं मी दुमडून ठेवली आहेत. त्यांच्या डाव्या बाजू अजून कोऱ्या आहेत. इथे माझी वाट अण्णांपेक्षा वेगळी होते. त्यांच्या धंद्यात रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद खतावणीत गेलीच पाहिजे, नाहीतर मेळ बसत नाही. माझ्याकडे बहुतेक नोंदी कुठेच जात नाहीत. दोनशे पानांच्या वहीतून कामाला लागतात फार तर पंधरा-वीस ओळी. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं, एवढं लिहून एवढंच, असं. आता वाटत नाही. कामासाठी मागवलेले शब्द मी दिवसभर लिहिते. कुणी न मागवलेले शब्द रोज पान-दीड पान लिहिते म्हणून मागवलेल्यांत अजून जीव येतो, एवढं बारा वर्षांत मला पक्कं कळलं आहे. आठवडाभर वही सुटली तर आधी कुणालाच काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात माझी सगळी पात्रं एकसारखी बोलू लागतात. तिसऱ्यात 'घर विटांचं नसतं' जवळपास कुठेतरी येऊन उभं राहतं.

वह्यांचे हालही होतात. जुलैत डोंबिवलीत कागद दमट होतो, शाई पसरते, चौदाव्या वहीची चाळीस पानं एकमेकांना चिकटून गेली. लोकल सुटायची म्हणून प्लॅटफॉर्मवर उभ्यानं लिहिलेलं काही आता मलाच वाचता येत नाही. एका वहीत काकूंचं खरं नाव होतं, ते मी नंतर खोडून काढलं. ऐकलेलं लिहावं, पण ज्याचं ऐकलं त्याला उघडं पाडू नये, हा नियम मी फार उशिरा लावून घेतला आणि आता तो सगळ्यांत कडक पाळते.

मागच्या वर्षी मालिका संपली. पुढची मिळेपर्यंत चार महिने गेले. पहिल्यांदाच असं झालं की मागवलेलं काही नव्हतं आणि न मागवलेलं रोज येत होतं. त्या चार महिन्यांत मी एक दोन अंकी नाटक लिहायला घेतलं. आडत दुकानाच्या गादीवर घडणारं, एका रात्रीचं. अकरा रुपयांचा मेळ बसत नाही आणि दिवाणजी घरी जात नाही, एवढंच त्यात घडतं. पहिला खर्डा हातानं लिहून झाला, सव्वाशे पानं. हमाल बोलतो, मालक बोलतो, वैरागहून आलेला शेतकरी बोलतो, घरून डबा घेऊन आलेली बायको बोलते. दिवाणजी अजून बोलत नाही. पहिल्या अंकात त्याच्या तोंडी एकच वाक्य असावं असं मला वाटतं, आणि ते मी बनवायचं नाही असं ठरवलं आहे.

अण्णांबद्दलच्या नोंदी सगळ्या वह्यांत विखुरल्या आहेत. अनुक्रमणिकांतून 'शिल्लक' या शब्दापुढचे आकडे गोळा केले तर अकरा पानं निघाली. काल रात्री सातव्या पानापर्यंत आले.